अपवृत्त शर्करा (इन्व्हर्ट साखर)

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे समप्रमाणातील मिश्रण. आम्ल किंवा इन्व्हर्टेज या एंझाइमच्या साहाय्याने साखरेचे (सुक्रोजचे) जलीय विच्छेदन (पाण्याशी विक्रिया होऊन रेणू तुटणे) केले की ते मिळते. विक्रियेत पाणीही खर्ची पडते, म्हणून 342 ग्रॅम सुक्रोजपासून 360 ग्रॅम मिश्रण तयार होते. सुक्रोजचे विशिष्ट वलन (द्रावातून जाताना ध्रुवित प्रकाशाची पातळी किती फिरते याचे माप; + म्हणजे उजवीकडे, − म्हणजे डावीकडे) +66.5°, तर मिश्रणाचे सुमारे −20° असते. विक्रिया कुठवर आली हे ध्रुवणमापकावर (हे वलन मोजणाऱ्या उपकरणावर) यावरूनच कळते. मधाची गोडी मुख्यतः याच दोन शर्करांची असते.

थोड्या प्रमाणात करायची असल्यास स्टीलच्या पातेल्यात 1 किलो साखर, अर्धा लिटर पाणी व 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्यावे. उकळी आल्यावर कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने आत उतरवावेत. एखादा कण राहिला तरी त्याभोवती पाक पुन्हा साखरतो. मंद आचेवर पाक सुमारे 114° से. तापमानाला आणावा. थोडा निवल्यावर सव्वा ग्रॅम खाण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून घालावा. फेस वर येतो, म्हणून पातेले मोठे हवे. आच वाढवली तर फ्रुक्टोज आधी करपते आणि पाक तपकिरी, कडवट होतो. सगळी साखर पालटत नाही, पण पाक साखरू नये यासाठी तेवढे पुरते. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी.

आइस्क्रीम मऊ राहावे, केक लवकर वाळू नये, बिस्किटाला रंग यावा म्हणून ही शर्करा वापरतात. चॉकलेटमधील घट्ट फाँडंटमध्ये (साखरेच्या लगद्यात) इन्व्हर्टेज मिसळले की कवचाच्या आत ते काही दिवसांत पातळ होते.

गुऱ्हाळावर मात्र हीच विक्रिया नुकसान करते. तोडलेला ऊस पडून राहिला की रसातील सुक्रोज घटते; गूळ चिकट होतो, ढेप नीट बसत नाही आणि पावसाळ्यात तिला पाणी सुटते. म्हणून ऊस ताजाच गाळावा. रसाचे आम्लत्व चुन्याच्या निवळीने कमी करतात, पण निवळी जास्त झाली तर गूळ काळवंडतो. काकवीत उलट किलोला 400 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे तळाशी खडे धरत नाहीत.

औषधांच्या सिरपमध्ये अपवृत्त शर्करा असली की बाटलीचे झाकण साखरेने घट्ट बसत नाही. शिरेतून देण्यासाठी तिचा 10 टक्के द्राव वापरात होता. परंतु फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या रुग्णात तो यकृत निकामी करून जीवघेणा ठरू शकतो, म्हणून ग्लुकोजचाच द्राव पसंत केला जातो. साध्या साखरेच्या आम्लधर्मी सिरपमध्ये ही विक्रिया साठवणीतही चालू राहते. उष्ण जागी ठेवलेले सिरप कालांतराने गडद होते ते बहुधा यामुळेच.