फल्लीदाण्याचं लोणी आणि त्याची बरणी

उन्हाळी भुईमूग निघाला की विदर्भात फल्लीदाणे बहुतेक तेलाच्या घाणीवर जातात, उरलेले घरच्या डब्यात. अलीकडे काही बचत गट त्याचं पीनट बटर करून बरण्या भरतात. महिनाभरात गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: वर बोटभर तेल, खाली दगड.

ही तक्रार या पदार्थाइतकीच जुनी आहे. माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते भाजलेले दाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून केलेल्या लगद्याचं. पुढे १८९५ साली अमेरिकेतल्या डॉ. जॉन हार्वी केलॉगने पेटंटसाठी अर्ज केला. तो दाणे भाजण्याऐवजी उकडायचा. (या पदार्थाला अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं नाव शाळेच्या पुस्तकांतून चिकटलंय, पण शोध त्याचा नाही.) तेव्हा हा माल उघड्या पिंपातून सुटा विकला जाई आणि वर आलेलं तेल दुकानदार लाकडी वल्ह्याने ढवळून खाली घाली. दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. दळताना पेशी फुटून ते मोकळं होतं आणि जड कण तळाशी बसतात. तेव्हा त्याला इलाज नव्हता.

इलाज काढला कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफिल्डने, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेलाचा थोडा भाग हायड्रोजन घालून घट्ट केला, की थंड होताना त्याचे स्फटिक जाळी धरतात आणि तेल त्यात अडकून राहतं. आज हे घट्ट तेल १ ते २ टक्के घालतात. मिश्रण ७० अंशांच्या वर गरम असताना ते पूर्ण विरघळलं पाहिजे. मग लगदा ४० अंशांच्या खाली आणून बरणीत भरायचा आणि बरणी दिवस-दोन दिवस हलवायची नाही. भरल्या भरल्या खोके रिक्षात टाकून बाजाराला पाठवले की जाळी मोडते. मे महिन्यात पत्र्याचं गोदाम ४५ अंशांवर गेलं तरी ती सैल पडते. मग दोष मिक्सरला दिला जातो.

बरणीचा इतिहास वेगळ्याच वाटेने आला. फ्रान्सच्या निकोला अपेरने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच पक्कं लावून पाण्यात उकळलं आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. असं अन्न कशामुळे टिकतं, हे पाश्चरने नंतर कित्येक वर्षांनी सांगितलं. आट्यांवर फिरवून बसणारं झाकण आणि रबरी चकती असलेली बरणी अमेरिकेतल्या जॉन मेसनची, १८५८ ची. आपल्याकडे दादरा बांधलेली चिनी मातीची बरणी आहेच. तिच्यात लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि वरच्या तेलाच्या थरामुळे. अपेरच्या बाटलीतलं अन्न उकळल्यामुळे टिकलं. पीनट बटर यांपैकी कशानेच टिकत नाही. ते टिकतं कोरडेपणामुळे. त्यात बुरशीला लागेल एवढं मोकळं पाणीच नसतं. म्हणून बरणी गरम पाण्याने धुवून लगेच भरणं ही सगळ्यांत महाग चूक. गळ्याच्या आट्यात एक थेंब राहिला तरी झाकणाखाली बुरशीचं कडं धरतं. धुतलेली बरणी उलटी निथळवून उन्हात पूर्ण वाळवावी, झाकण वेगळं.

वास येतो तो मात्र हवेमुळे. भरताना वर मोकळी जागा जास्त सोडली किंवा पारदर्शक बरणी दुकानाच्या उन्हात ठेवली, तर तेल खवट होतं. झाकणाखाली फॉइलचं सील लागतं ते यासाठीच.

खरा धोका बरणीच्या आधी, शेतात असतो. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. कारण ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतली बुरशी. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे त्या बुरशीच्या विषाचा छडा लागला. ते भाजून पूर्ण जात नाही आणि दळल्यावर काळपट दाणा ओळखूही येत नाही. विदर्भात भीती काढणीची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या टॅग-२४ सारख्या उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था नसते, म्हणजे ओल मिळाली की तो लगेच उगवतो. मेअखेरच्या वळवाच्या पावसात काढणी लांबली की शेंगेतच कोंब येतात आणि फुटलेल्या टरफलातून बुरशी शिरते. शेंग हलवल्यावर खळखळ वाजेपर्यंत, म्हणजे ओलावा ८ टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवायची. सुरकुतलेला, डागाळलेला, कोंब आलेला दाणा भाजण्याआधी हाताने निवडून बाजूला काढायचा, आणि तो कुटासाठीही ठेवायचा नाही.

घट्ट तेल न घालता केलेल्या मालाला तेल सुटणारच. बरणी उघडण्याआधी दिवसभर उलटी ठेवली तर ते पुन्हा लगद्यात मुरतं, मग ढवळायला सोपं जातं. चमचा कोरडा.