‘अँग्लो-चायनीज’ जहाजी कोरीवकाम : पार्श्वभूमी

जुन्या जहाजाची कोरीव फळी किंवा केबिनचे दार बाजारात आले, की त्यावर ‘अँग्लो-चायनीज’ अशी चिठ्ठी लागतेच. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक, इंग्लंडमध्येच केलेले चिनी धाटणीचे काम. 1754 मध्ये लंडनच्या एका फर्निचर कारागिराचे नमुना-पुस्तक निघाले आणि या धाटणीच्या खुर्च्यांना व जाळीकामाला चांगलीच मागणी आली. दोन, दक्षिण चीनमधल्या कँटन (आजचे ग्वांगझू) बंदराच्या कारागिरांनी परदेशी गिऱ्हाइकाच्या नमुन्याबरहुकूम केलेले काम. तीन, 1842 नंतर परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या चिनी बंदरांतल्या गोद्यांमधले काम. पहिल्याला चिनी हात लागलेलाच नसतो, तरी चिठ्ठी तीच! वेलबुट्टी कोणाची यापेक्षा पटाशी कोणाच्या हातात होती, हे आधी विचारायला हवे.

लाकूड पाहून निवाडा होईल असे वाटते. कापराचे लाकूड असेल तर चीनकडे बोट दाखवता येते. सागाने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजेच बांधली जात. 1813 चे ‘कॉर्नवॉलिस’ त्यांतलेच. 29 ऑगस्ट 1842 रोजी, पहिले अफू युद्ध संपवून ही बंदरे खुली करणाऱ्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच मुंबईकर जहाजावर.

त्याआधीचा काळ थोडक्यात असा. 1757 पासून पाश्चात्त्य व्यापार कँटनपुरता बांधलेला होता. जहाजे कँटनजवळच्या व्हांपोआ या तळावर नांगर टाकत आणि चहा भरून वारा फिरेपर्यंत अडकून पडत. डागडुजी तिथेच होई. इकडे ब्रिटिश आरमाराने 1703 मध्ये कोरीवकामाला कात्री लावली आणि 1796 मध्ये नव्या जहाजांच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, पुतळेही बंद करण्याचा हुकूम काढला. तो पुरता पाळला गेला नाही, हे खरे. तरी ड्रॅगन आणि पिओनीची फुले यांनी खच्चून भरलेली एकोणिसाव्या शतकातली फळी ‘युद्धनौकेवरची’ म्हणून कोणी दाखवली, तर हात आखडलेला बरा.

तहानंतर सरमिसळ वाढली. बांधा युरोपीय आणि शिडे चिनी अशी ‘लोर्चा’ किनाऱ्यावर सर्रास दिसे. 1856 मध्ये दुसऱ्या अफू युद्धाला निमित्त झाली ती ‘ॲरो’ नावाची लोर्चाच.

आता उरतो कायदा. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे दुकानात सव्वाशे वर्षांची असलेली फळी कस्टमसमोर ऐंशीची होते.