चाचणीचा कागद: मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यामागच्या झटपट फिल्मची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला एका घराच्या सोप्यात मी मामिया आरबी६७ हा मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे रुंद रोलवर मोठी फ्रेम घेणारा कॅमेरा तिपाईवर चढवत होतो. चुलीसाठी चिपाडं मोडत बसलेल्या आजींनी मान वर न करताच विचारलं, "फोटो कधी देतोस रे? मागं एकजण आलता. काढून घेऊन गेला, परत तोंड दाखवलं नाही." मी रोलची बॅक, म्हणजे कॅमेऱ्यामागची फिल्मची पेटी उतरवली आणि तिच्या जागी इन्स्टॅक्सची, म्हणजे फुजीच्या झटपट फिल्मची बॅक बसवली. आजींच्या प्रश्नाला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा या बॅकशी निगडित आहे.

आधी आमच्या बेळगावातली रीत सांगतो. खडे बाजारातल्या किंवा कॅम्पातल्या स्टुडिओत फोटो काढला की पावती मिळायची आणि वर एक वाक्य: "परवा संध्याकाळी या." बहुतेकांकडे यशिका-मॅट असायचा, आत १२०चा रोल. कोडॅकने हा रोल १९०१ मध्ये आणला आणि तो आजही मिळतो. एका रोलवर चौकोनी बारा फ्रेम. बारा भरेपर्यंत तो धुवायला जायचा नाही, म्हणून 'परवा'चा कधी कधी आठवडा व्हायचा. मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये भरती झालेला पोरगा वर्दीतला पहिला फोटो घरी पाठवायचा, तोही असाच वाट बघून. मग निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग, छपाई, कातऱ्या कडा आणि कागदामागे स्टुडिओचा शिक्का. आमच्या घरातल्या जुन्या फोटोंवर अजून 'बेळगांव' असा अनुस्वार दिलेला जांभळा शिक्का आहे.

या वाट बघण्यातली खरी अडचण फोटोग्राफरची होती. गिऱ्हाईक परवा आलं तरी बिघडत नसे. पण उजेड चुकला, फ्लॅश पेटला नाही, नवरीने डोळे मिटले, हे कळायचं तेव्हा मांडव उतरलेला असायचा. म्हणून अनुभवी माणसं एकच पोज तीन वेळा घ्यायची आणि रोल महाग म्हणून मनात हिशेब करत राहायची.

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांच्यापुढे हा प्रश्न लेकीच्या तोंडून आला. १९४३ मध्ये सांता फे इथे सुट्टीवर असताना तीन वर्षांच्या जेनिफरने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही? २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी उत्तर करून दाखवलं, आणि १९४८च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका दुकानात पोलरॉइडचा पहिला कॅमेरा विकायला आला. त्यामागचं रसायनशास्त्र निव्वळ त्यांचं नव्हतं. निगेटिव्हमधली प्रकाश न लागलेली चांदी विरघळवून शेजारच्या कागदावर उतरवायची, ही युक्ती आगफा या फिल्म कंपनीत एडिथ वायडे आणि गेव्हार्ट या दुसऱ्या कंपनीत आंद्रे रॉट यांनी युद्धाच्या तोंडावर वेगवेगळी शोधली होती, आणि ती दफ्तरी कागदपत्रांच्या नकला काढायला वापरली जाई. लँड यांनी ती हातातल्या कॅमेऱ्यात मावेल अशी केली. निगेटिव्ह, कागद आणि मध्ये जेलीसारख्या औषधाची छोटी पुडी. दोन रुळांमधून ओढलं की पुडी फुटते आणि औषध पसरतं.

इथून पोलरॉइडचे दोन रस्ते फुटले. एक घरगुती, वाढदिवसाचा. दुसरा धंद्यातल्या माणसांचा, आणि मला तोच मोठा वाटतो. १९४९ पासून प्रसिद्ध अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स पोलरॉइडचे सल्लागार होते. उजेडाचा काटेकोर हिशेब करणारा माणूस या कागदाकडे खेळणं म्हणून बघत नव्हता. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी आपला कॅमेरा आणला. भिंग वेगळं, शरीर वेगळं, मागची फिल्मची पेटी वेगळी, आणि अर्ध्या रोलवरही पेटी काढून दुसरी लावता येणार. यशिकात हे जमत नाही, तिथे रोल कॅमेऱ्याच्या पोटातच असतो. पेटी सुटी झाली म्हणूनच तिच्या जागी झटपट फिल्मची पेटी बसली.

१९६३ मध्ये पॅक फिल्म आली आणि गाडी रुळावर लागली. चपटं पाकीट, आत एकावर एक कागद, सोबत पहिल्यांदाच रंगीत चित्र. चित्राचा आकार साधारण सव्वासात बाय साडेनऊ सेंटिमीटर. हॅसलब्लाडच्या बॅकमध्ये घातलं की त्यावर साडेपाच सेंटिमीटरचा चौकोन उमटायचा, बाकी सगळा काळा. मामियाचा १९७०चा आरबी६७ आला तेव्हा चौकट थोडी मोठी झाली. नावातलं 'आरबी' म्हणजे फिरणारी पाठ. कॅमेरा आडवा न करता बॅक फिरवून उभा फोटो घेता येतो.

हे काम हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही. काळी पट्टी म्हणजे डार्क स्लाइड काढायची, शटर मारायचं, पट्टी परत घालायची. मग पांढरं शेपूट ओढायचं. ते बाहेर आलं की मागून बाणाचं मोठं शेपूट डोकावतं. ते एका दमात, सरळ आणि एकाच वेगाने ओढायचं. मध्ये हात थबकला की चित्रावर आडवी रेघ आलीच. रुळांवर सुकलेलं औषध राहिलं तर प्रत्येक फोटोत ठरावीक अंतरावर तोच डाग येतो, म्हणून दर पाकिटानंतर ओल्या फडक्याने रूळ पुसायचे. मग घड्याळ. थंडीत औषध हळू चालतं. डिसेंबरात पहाटे राजहंसगडावर गेलं तर चित्र निळं आणि मरगळलेलं येतं. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांची घडी मिळायची. खिशात गरम करून त्यात कागद ठेवायचा आणि पत्रा काखेत धरायचा. वेळ झाली की एका कोपऱ्यातून सोलायचं.

सोललेला कागद बघून फोटोग्राफर म्हणायचा, "अर्धा स्टॉप कमी कर," आणि मग खरा रोल लावायचा. स्टॉप म्हणजे उजेडाचं माप. झटपट बॅकचं काम एवढंच होतं: उजेडाची चाचणी. काम झालं की कागद टेबलावर पडायचा, बऱ्याचदा केरात जायचा. काही फिल्म मात्र याहून जास्त द्यायच्या. टाइप ६६५ मध्ये फोटोबरोबर खरी निगेटिव्ह मिळायची. तिला सोडियम सल्फाइटच्या पाण्यात बुडवलं की ती छपाईला तयार. फुजीच्या एफपी-१००सीची सोललेली काळी बाजूही लोकांनी ब्लीचने धुऊन निगेटिव्ह म्हणून वाचवली. फेकायच्या बाजूत चित्र शिल्लक आहे हे कळल्यावर मी एकही टाकली नाही.

आमच्या भागात ही चैन फार थोड्यांनी केली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून फिल्म बनवायला सुरुवात केली आणि 'इंदू'चे कृष्णधवल रोल देशात मिळू लागले. झटपट फिल्म मात्र आयातीची, आणि आयातीवर निर्बंध. त्यामुळे मुंबईच्या जाहिरातीच्या स्टुडिओत जी रोजची गोष्ट होती, ती बेळगावात एखाद्याच कपाटात असायची. सामान्य माणसाला पोलरॉइड भेटला तो पासपोर्टच्या फोटोतून. चार भिंगांचा कॅमेरा, तीच पॅक फिल्म, एका कागदावर चार चेहरे.

मग डिजिटल आलं. चाचणी कॅमेऱ्याच्या पडद्यावरच होऊ लागली आणि या कागदाचं कारणच संपलं. पोलरॉइड कंपनीने २००१च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी जाहीर केली आणि २००८च्या फेब्रुवारीत झटपट फिल्मचं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. पुढे हॉलंडमधला एक कारखाना काही लोकांनी वाचवला, पण तिथे बनायची ती आतल्या आत उमटणारी फिल्म, सोलायची नव्हे. सोलायच्या फिल्मला फुजीने आणखी काही वर्षं जगवलं. तीन हजार आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी कृष्णधवल २०१३ मध्ये गेली, रंगीत एफपी-१००सी बंद होण्याची बातमी २०१६च्या फेब्रुवारीअखेर आली. जगभरच्या हजारो चांगल्या बॅक एका घोषणेने रिकाम्या झाल्या. याचं मला अजून वाईट वाटतं. रुळांसकट धडधाकट वस्तू, आणि आत घालायला जवळपास काही नाही.

आता जे चालतं ते इन्स्टॅक्सवर. फुजीने ही फिल्म १९९८ मध्ये छोट्या आकारात आणली. चौकोनी प्रकार २०१७ मध्ये आला, त्याचं चित्र ६२ मिलिमीटरचं. हॅसलब्लाडची चौकट ५६ मिलिमीटर, म्हणजे सभोवती थोडी काळी पट्टी राहते, बाकी जुळतं. एक गोष्ट नशिबाने बरी झाली: इन्स्टॅक्सवर प्रकाश पाठीमागून पडतो आणि चित्र पुढून दिसतं, त्यामुळे आरसा नसला तरी डावं-उजवं बरोबर येतं. पोलरॉइडच्या आतल्या आत उमटणाऱ्या फिल्मला पुढून प्रकाश लागतो. ती अशा बॅकमध्ये घातली तर दुकानाची पाटी उलटी वाचावी लागेल.

अडचणी आहेतच. फिल्मची पातळी रोलच्या पातळीशी जुळली नाही तर फोकस करायच्या काचेवर स्पष्ट दिसलेले डोळे कागदावर मऊ येतात. वेग ८०० आयएसओ, तो आपल्या उन्हाला जास्त. भरदुपारी आरबी६७चं सगळ्यात वेगवान शटर, म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग, लावलं तरी भिंगाचं छिद्र बावीसवर, म्हणजे अगदी बारीक, न्यावं लागतं. पार्श्वभूमी धूसर हवी तर भिंगापुढे काळसर फिल्टर. आणि उजेडातली चूक ही फिल्म पोटात घालत नाही. पांढरं लुगडं उन्हात असलं तर पांढराच डाग.

तरी मी ही बॅक घेऊन हिंडतो. आमच्या सीमाभागात नावं आणि पाट्या डोळ्यांदेखत बदलल्या. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य बदललं, २०१४च्या त्याच तारखेला कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं. या घरांमधून फोटो बाहेर जातात, परत फार थोडे येतात. म्हणून मी पहिला कागद ज्याचा त्याला देतो, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक शाईपेनने गावाचं नाव आणि तारीख घालतो. शिक्का माझ्याकडे नाही.

आजींनी कागद दोन्ही हातांत धरला. आधी राखाडी होता, मग नथ दिसली, मग सोप्याचा खांब. "आलं की!" म्हणाल्या आणि पदराने पुसायला निघाल्या, तेव्हा मी थांबवलं. गाल थोडे जास्त उजळ आले होते. मी छिद्र अर्ध्या स्टॉपने मिटवलं, रोलची बॅक परत चढवली आणि दोन फ्रेम घेतल्या. त्या अजून धुवायच्या आहेत. चाचणीचा कागद देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, रॉकेलच्या चिमणीला टेकून उभा आहे.