ट्रायथलॉन म्हणजे संसाराला रामराम?

‘ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) करायची तर रोज चार-पाच तास सराव हवा, घरसंसार असलेल्याचं ते काम नव्हे,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण बोलबाला असतो तो सर्वांत लांब स्पर्धेचा: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, वर ४२.२ किमी धावणं. पण स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये हीच अंतरं ७५० मीटर, २० किमी आणि ५ किमी असतात.

आता वहीत हिशेब मांडून बघा. पोहणं आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. धावणं दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं. सायकल मधल्या वारी तासभर, रविवारी दोन तास. बेरीज सहा तासांच्या आत. पोहता येणाऱ्याला स्प्रिंटसाठी एवढं साधारण पुरतं. (तलावावर जाण्या-येण्याचा वेळ मात्र धरा, तो भल्याभल्यांचं गणित चुकवतो.) पहाटे साडेपाचला निघालात तर मुलांचा डबा भरायच्या वेळेला घरी.

लांब स्पर्धेची गोष्ट वेगळी. तिथे सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास सायकल, आणि दुपारी जेवताना डोळे मिटायला लागतात. म्हणून नाव नोंदवण्याआधी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली उतरवा आणि परीक्षा, लग्नकार्यं, सणवार यांवर दोघांनी मिळून खुणा करा.