बीजांड पिकवता येतं, वाढवणं अवघड

द्राक्षाचा घड वेलीवरून तोडला की त्याची गोडी तिथेच थांबते. म्हणून दिंडोरी-निफाडकडचा बागाईतदार काढणीआधी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत फिरतो, मण्याचा रस काचेवर टाकून साखर पाहतो आणि आकडा कमी दिसला तर व्यापारी दारात उभा असला तरी थांबतो. आंब्याचं तसं नाही. पेठ-सुरगाण्याकडचा आंबा पाडाला आला की उतरवून आढीत घालायचा, पुढचं पिकणं झाडाविना होतं. पण तोही पाडाला आलेलाच हवा. कोवळी कैरी आढीत घातली तर ती पिकत नाही, सुरकुतते.

सस्तन प्राण्यांची बीजांडं, म्हणजे मादीच्या अंडाशयातल्या अंडपेशी, शरीराबाहेर वाढवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना गेली नव्वद वर्षं याच फरकाने झुंजवलं आहे. पाडाला आलेलं बीजांड प्रयोगशाळेतल्या बशीत पिकतं. गाईम्हशींत हे नेहमीचं झालं आहे, माणसातही होतं. कोवळं बीजांड मात्र आधी वाढवावं लागतं, आणि त्या वाढीतून माणसाचं एकही मूल अजून जन्मलेलं नाही. बातम्यांमध्ये ही दोन्ही कामं एकाच दमात सांगितली जातात, त्यामुळे मूल व्हावं म्हणून वाट पाहणाऱ्या जोडप्यांच्या मनात भलत्या आशा तयार होतात. म्हणून इथे ती वेगवेगळी पाहू.

मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची बीजांडं तयार झालेली असतात. गर्भ पाच महिन्यांचा असताना त्यांची संख्या साठ-सत्तर लाखांवर जाते. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात त्यातली जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन अंडाशयाबाहेर पडतात, बाकीची आतल्या आत जिरतात. गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धगुणसूत्री विभाजन प्रत्येक बीजांड गर्भातच सुरू करतं आणि पहिल्याच टप्प्यावर थांबतं. हे थांबणं बारा वर्षांचं असू शकतं, चाळीस वर्षांचंही. मग एखाद्या महिन्यात मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट येते, थांबलेलं विभाजन पुढे सरकतं, निम्मी गुणसूत्रं एका चिमुकल्या पेशीत बाहेर टाकली जातात, आणि बीजांड पुन्हा थांबतं ते शुक्राणूची वाट पाहत. या शेवटच्या दीड दिवसाला पक्व होणं म्हणतात.

१९३५ साली अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान यांनी सशाची बीजांडं त्यांच्या पुटकांमधून, म्हणजे सोनोग्राफीत डॉक्टर ज्यांना 'फॉलिकल' म्हणतात त्या पिशव्यांमधून, काढून पोषक द्रवात ठेवली. संप्रेरक घातलं नव्हतं, तरी विभाजन आपोआप सुरू झालं. (हेच पिंकस पुढे गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनासाठी ओळखले गेले.) याचा अर्थ असा की बीजांडाला जागं करावं लागत नव्हतं, ते जागं होऊ नये म्हणून पुटकातून कोणीतरी सतत त्याला रोखून धरत होतं. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी माणसाची बीजांडं अशीच पक्व करून पाहिली आणि १९६५ मध्ये त्यांना सुमारे दीड दिवस लागतो हे दाखवलं. उंदराच्या बीजांडाला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. त्याच कामाच्या पायावर १९७८ मध्ये पहिलं 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मलं आणि २०१० मध्ये एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं. मात्र त्या बाळाचं बीजांड आईच्या शरीरातच पक्व झालं होतं. प्रयोगशाळेत पक्व केलेल्या बीजांडापासून बाळ व्हायला १९९१ साल उजाडलं, तेही दक्षिण कोरियात.

बीजांडाला रोखून धरणारं कोण, हा भाग मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. बीजांड स्वतःच सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बनवतं, आणि तो पुरेसा असेतो विभाजन हलत नाही. पण बीजांडात त्या रेणूला तोडणारं एक विकरही (एन्झाइम) असतं. त्याला मोकळं सोडलं तर काही तासांत रेणू संपेल. ते होऊ नये म्हणून भोवतीच्या पेशी सूक्ष्म वाटांमधून दुसरा एक रेणू, सायक्लिक जीएमपी, बीजांडाच्या आत पाठवत राहतात आणि त्याने ते विकर अडून राहतं. भोवतालच्या पेशींना हा रेणू बनवायला सांगणारं प्रथिनही पुटकाच्या भिंतीतून येतं. एलएचची लाट आली की हा पुरवठा थांबतो, वाटा बंद होतात, विकर मोकळं होतं, बीजांड जागं होतं. सुईने बीजांड बाहेर काढलं तरी नेमकं हेच घडतं, कारण पुटक मागे राहिल्याने पुरवठा तुटतो. पिंकस यांच्या सशाच्या बीजांडांचं रहस्य एवढंच होतं, पण ते पूर्ण उलगडायला २०१० पर्यंतचा काळ लागला.

यातूनच अडचणही कळते. बाहेर काढलेलं बीजांड वेळेआधी जागं होतं. त्याची गुणसूत्रं नियमाप्रमाणे निम्मी होतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते पक्व दिसतं, पण पेशीद्रवाची तयारी मागे राहिलेली असते. फलनानंतर पहिले काही दिवस भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्प असतात. माणसात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर बोलू लागतात, गाईत त्याहीनंतर. तोवर सारा कारभार बीजांडाने साठवलेल्या संदेश-रेणूंवर आणि प्रथिनांवर चालतो. साठा अपुरा असेल तर फलन होतं आणि भ्रूण तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतो. यावर अलीकडे निघालेला उपाय सरळ आहे: पुटकाच्या भिंतीतून येणारं तेच रोखून धरणारं प्रथिन बशीतल्या द्रवात घालायचं, बीजांडाला साधारण एक दिवस आणखी झोपू द्यायचं, साठा पुरा होऊ द्यायचा आणि मग जागं करायचं. बेल्जियम आणि व्हिएतनाममधल्या संशोधकांनी ही दोन टप्प्यांची पद्धत रुग्णालयांपर्यंत नेली.

जनावरांत हे तंत्र आपल्या देशात जुनं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये 'प्रथम' नावाचं म्हशीचं वासरू जन्मलं, म्हशीतलं जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब वासरू. अशा कामासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतली बीजांडं साडेअडतीस अंश तापमानाला, सुमारे २४ तास, भोवतीच्या पेशींच्या गुच्छासकट ठेवली जातात. गुच्छ फुलून सैल झाला की बीजांड पिकलं. आता कत्तलखान्याचीही गरज उरलेली नाही, कारण जिवंत गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजांडं काढता येतात. जगभर गाईंचे वर्षाला दहा लाखांहून अधिक भ्रूण याच मार्गाने तयार होतात.

आपल्याकडे हा खर्च मुख्यतः गीर, साहिवाल अशा दुधाळ जातींवर होतो. नाशिककर म्हणून मला वाटतं, त्यात डांगीचाही वाटा असायला हवा. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले या पट्ट्यातलं हे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं जनावर कातडीवरच्या तेलकट थरामुळे घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात टिकतं, भातशेतीच्या चिखलात राबतं. दूध कमी म्हणून ते मागे पडलं. घोटीच्या बाजारात आजही उत्तम डांगी जनावरं दिसतात. अशा गाईंची बीजांडं पिकवून, भ्रूण करून गोठवून ठेवणं आजच्या तंत्राने शक्य आहे, त्यासाठी नवा शोध लागायची वाट पाहायला नको.

स्त्रियांच्या बाबतीत हे तंत्र सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा एक विकार) असलेल्यांना. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात) दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजांडं तयार करतात. पीसीओएसमध्ये छोटी पुटकं खूप असल्याने त्या इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर सुजण्याचा, पोटात पाणी होण्याचा धोका असतो. बीजांडं कच्ची काढून बाहेर पिकवली तर इंजेक्शनं फार थोडी लागतात आणि तो धोका जवळजवळ संपतो. किंमतही मोजावी लागते. व्हिएतनाममध्ये ५४६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पहिल्या प्रयत्नाअखेर मूल होण्याचं प्रमाण या पद्धतीत सुमारे ३५ टक्के, तर नेहमीच्या आयव्हीएफमध्ये ४३ टक्के होतं. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ही पद्धत आता प्रायोगिक राहिली नसल्याचं जाहीर केलं. नाशिकमध्ये उपचार घेणाऱ्या जोडप्याने ती सुचवली गेल्यास दोन्ही बाजू विचाराव्यात, आणि त्या केंद्राच्या प्रयोगशाळेला हे काम करण्याचा किती अनुभव आहे तेही विचारावं. नेहमीच्या आयव्हीएफपेक्षा यात प्रयोगशाळेच्या हाताला जास्त महत्त्व आहे.

आता कोवळ्या कैरीचा भाग. अंडाशयात झोपून राहिलेलं बीजांड ३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, पूर्ण वाढलेलं १२० मायक्रॉन, म्हणजे आकारमानात सुमारे चाळीस पट. या वाढीला माणसात कित्येक महिने लागतात. त्या काळात बीजांड आपल्याभोवती पारदर्शक कवच उभारतं, लाखभर मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) जमवतं, वर सांगितलेला साठा भरतं. आणि याच काळात त्याच्या काही जनुकांवर 'हे आईकडून आलं' अशा रासायनिक खुणा उमटतात. या खुणा चुकल्या तर भ्रूण दिसायला निरोगी असूनही पुढे दोष निघू शकतात. म्हणून वाढ घाईने उरकणं धोक्याचं आहे.

शिवाय बीजांड एकटं वाढतच नाही. भोवतीच्या पेशी कवचातून बारीक तंतू आत घालून त्याला अमिनो आम्लं आणि ऊर्जेची द्रव्यं पुरवतात, आणि बीजांड उलट जीडीएफ-९, बीएमपी-१५ अशी प्रथिनं सोडून त्या पेशींना कसं वागायचं ते सांगतं. या संवादाचं जवळचं उदाहरण फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतलं 'फेकबी' जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. त्या जनुकातला बदल नेमका याच प्रकारचे संदेश ऐकणाऱ्या ग्राहीत (पेशीवरच्या प्रथिनात) आहे. संदेश थोडा वेगळा ऐकू आला, आणि एकाऐवजी दोन-तीन बीजांडं एकदम पक्व होऊ लागली. बशीत असा संवाद महिनोन्‌महिने टिकवायचा, पेशी पसरून बीजांड उघडं पडू द्यायचं नाही, मधल्या भागाला प्राणवायू पोचवायचा, यात बहुतेक प्रयत्न मोडतात.

उंदीर लहान, त्याची वाढ तीन आठवड्यांत होते, म्हणून वाट तिथे आधी सापडली. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन एपिग आणि मॅरिलिन ओब्रायन यांनी १९९६ मध्ये नवजात उंदरिणीच्या अंडाशयातली सर्वांत कोवळी बीजांडं पूर्ण वाढवली. त्यातून एकच पिल्लू मोठं झालं, आणि मोठेपणी तेही लठ्ठ आणि आजारी निघालं. पद्धत सुधारल्यावर २००३ मध्ये पन्नासहून अधिक पिल्लं मिळाली. एडिंबरा विद्यापीठाच्या एव्हलिन टेल्फर यांच्या गटाने २०१८ मध्ये माणसाचं बीजांड अगदी पहिल्या अवस्थेपासून पक्व अवस्थेपर्यंत नेलं. सिझेरियनच्या वेळी मिळालेल्या अंडाशयाच्या बारीक चकत्या त्यांनी वापरल्या. ऊतक (अंडाशयाचा तुकडा) कापल्याने झोपलेली पुटकं जागी होतात, हीसुद्धा या क्षेत्रातली एक नवलाची माहिती. पण जे शरीरात महिने घेतं ते बशीत सुमारे तीन आठवड्यांत उरकलं होतं, आणि विभाजनात बाहेर टाकली जाणारी छोटी पेशी नको तेवढी मोठी निघत होती. काहीतरी बिनसलेलं होतं. त्या बीजांडांचं फलन केलं गेलं नाही, आणि ते योग्यच होतं.

जपानमध्ये कात्सुहिको हायाशी यांनी २०१६ मध्ये त्याहून पुढची मजल मारली. उंदराच्या शेपटीच्या पेशींपासून मूळ पेशी (ज्यांपासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते), त्यांपासून बीजांडं, आणि त्यांपासून जिवंत पिल्लं. मात्र त्या बीजांडांना वाढवायला खऱ्या उंदीर-गर्भाच्या अंडाशयातल्या पेशी शेजारी ठेवाव्याच लागल्या, आणि शंभर भ्रूणांमागे पिल्लं तीन-चारच झाली. २०२३ मध्ये नर उंदराच्या पेशींपासूनही बीजांडं झाली, जगभर मोठे मथळे आले. ते काम थक्क करणारं आहे, पण माणसात त्याचा आधार घ्यायची वेळ आलेली नाही. मला स्वतःला त्या मथळ्यांपेक्षा टेल्फर यांचं संथ काम महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची गरज असलेले रुग्ण आजच वाट पाहत आहेत.

केमोथेरपीने अंडाशयातली बीजांडं मोठ्या प्रमाणावर मरतात. तरुण स्त्रीला उपचारांपूर्वी दोन आठवडे मिळाले तर बीजांडं काढून गोठवता येतात. वयात न आलेल्या मुलीत ते शक्य नसतं, म्हणून लॅप्रोस्कोपीने अंडाशयाचा तुकडा काढून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवतात आणि मोठेपणी परत बसवतात. अशा पुनर्रोपणानंतरचं पहिलं मूल २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. पण रक्ताच्या कर्करोगात त्या तुकड्यातच रोगपेशी दडलेल्या असू शकतात आणि तो परत बसवणं म्हणजे आजार परत बोलावणं ठरू शकतं. या मुलींसाठी मार्ग एकच उरतो: तुकड्यातली कोवळी बीजांडं बशीत वाढवायची, पिकवायची आणि फक्त भ्रूण शरीरात न्यायचा.

आज सात वर्षांच्या मुलीचं ऊतक गोठवलं तर तिला त्याची गरज पडायला वीस वर्षं आहेत. उंदरात एका आजारी पिल्लापासून शेपटीच्या पेशींपर्यंतचा प्रवास १९९६ ते २०१६ या वीसच वर्षांत झाला. माणसात तेवढ्यात जमेलच, असं वचन कोणी देऊ शकत नाही, पण ऊतक ठेवलेलंच नसेल तर पुढे कोणताही शोध त्या मुलीच्या कामाचा नाही. ही शस्त्रक्रिया सहसा केमोचा पहिला डोस देण्याआधीच व्हावी हे उत्तम; रक्ताच्या कर्करोगात मात्र ती बहुधा सुरुवातीच्या उपचारांनंतर करतात. निदानाच्या त्या घाईगर्दीच्या दिवसांत आईवडिलांना हे सुचणं कठीण असतं, म्हणून कर्करोगतज्ज्ञांनी स्वतःहून विषय काढावा, आणि त्यांनी काढला नाही तर मावशी, आत्या, काका, जो कोणी सोबत असेल त्याने विचारावं: उपचार सुरू करण्याआधी हिचं अंडाशयाचं ऊतक जपून ठेवता येईल का, आणि ते जवळात जवळ कुठे होतं?