इस्तंबूलचा मसाला बाजार: मशिदीच्या खर्चासाठी बांधलेली दुकानं

पुण्याहून तुर्कस्तानला जाणाऱ्या सहलीत इस्तंबूलचा मसाला बाजार ठरलेला असतो. केशर बघायचं, मिठाई चाखायची, फोटो काढून बसमध्ये बसायचं. या छपराखाली मसाल्यांइतकंच राजकारणही शिजलंय, ते मात्र राहून जातं.

बाजार शेजारच्या येनी जामी या मशिदीसाठी बांधला गेला. मशिदीचं काम सफिये सुलतान या राजमातेने १५९७ मध्ये सुरू केलं. १६०३ मध्ये तिचा मुलगा, सुलतान तिसरा मेहमद वारला. तिचा अधिकार संपला आणि अर्धवट भिंती पन्नासहून अधिक वर्षं तशाच राहिल्या. १६६० मध्ये शहरात प्रचंड आग लागली. मशिदीभोवतीची जळालेली वस्ती मुख्यतः ज्यूंची होती. त्यांना तिथे परत घरं बांधू दिली नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेवर चौथ्या मेहमदच्या आईने, तुरहान सुलतानने, मशीद पुरी केली आणि काटकोनात वळणारा हा बाजार उठवला. दुकानांचं भाडं मशिदीच्या देखभालीला. आपल्याकडे देवस्थानाला गावं इनाम देत, तसाच हा बंदोबस्त. (आपली मंडई नगरपालिकेने बांधली, त्या खर्चाला विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं, हा खास पुणेरी न्याय.)

तुर्की लोक याला ‘इजिप्तचा बाजार’ म्हणतात. माल कैरोहून येई, हे त्याचं एक कारण सांगतात. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून कैरोला, तिथून अलेक्झांड्रिया आणि मग इस्तंबूल. गंमत अशी की बाजार उभा राहिला तोवर या वाटेचा भर ओसरला होता. डच आणि इंग्रज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून मसाला थेट युरोपात नेत होती, आणि कैरोचे व्यापारी येमेनच्या कॉफीकडे वळले होते. तरी दुकानं चालली, कारण इथे बसणारे अत्तार जडीबुटी आणि औषधंही विकत. सोबत कापूसवाले होते.

१६९१ आणि १९४० मध्ये बाजार जळाला. १९४० च्या दशकातल्या दुरुस्तीनंतर इतर मालाची दुकानंही आत आली. आज तर मिठाई आणि भेटवस्तूच जास्त दिसतात. मिरी-वेलदोडे तिथून आणण्यात काही अर्थ नाही, ते रविवार पेठेत मिळतात. घ्यायचंच तर सुमाकची आंबट पूड आणि जाडसर कुटलेलं लाल तिखट घ्यावं.