कार्ट शर्यतीचे व्हिडिओ गेम : कौशल्य आणि सुलभता

बुटक्या, उघड्या, चारचाकी गाड्यांच्या म्हणजे कार्टच्या शर्यतीवर आधारलेल्या व्हिडिओ गेममध्ये निष्णात खेळाडूच्या कसबाला वाव राहावा आणि नवख्यालाही अखेरच्या फेरीपर्यंत आशा असावी, यासाठी केलेली नियमांची व यंत्रणेची रचना. वाटेत मिळणारी व इतरांवर वापरता येणारी साधने (खेळाडूंच्या भाषेत आयटम), मागे पडलेल्याला मिळणारी सवलत आणि वळणावर गाडी घसरवण्याचे म्हणजेच ड्रिफ्टचे तंत्र ही या रचनेची मुख्य अंगे होत.

घरातल्या एकाच पडद्यासमोर शाळकरी मूल, त्याचा रोज खेळणारा मोठा भाऊ आणि हातात कंट्रोलर प्रथमच घेणारी आजी एकत्र बसतील, असे या गेमप्रकारात धरून चाललेले असते. मराठी मुलांच्या खेळांत अशा वेळी धाकट्याला लिंबूटिंबू ठरवतात. तो खेळतो, पण बाद होत नाही आणि त्याने मिळवलेला गुणही कोणी मोजत नाही. कार्ट गेममधील सवलत याहून वेगळी आहे. ती मिळालेला जिंकला, तर त्याचा जय खराच धरला जातो; तिच्यावरचे बहुतेक आक्षेपही यातूनच आले आहेत.

उगम : प्रत्यक्षातील कार्ट १९५६ मध्ये अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी तयार केली, तिला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेले होते. इंजिनाच्या घनमापावरून शर्यतींचे वर्ग पाडण्याची तेथील पद्धत व्हिडिओ गेमनेही उचलली. ५०, १०० आणि १५० सीसी (घन सेंटीमीटर) हे गेममधील वर्ग म्हणजे प्रत्यक्षात काठिण्यपातळ्याच होत.

पहिला कार्ट गेम कोणता, यावर एकमत नाही. सेगाचा ‘पॉवर ड्रिफ्ट’ (१९८८) हा नाणे टाकून खेळायचा गेम उघड्या, बग्गीसारख्या गाड्यांचा होता. मात्र त्यात शस्त्रे नव्हती. रेअर या ब्रिटिश कंपनीच्या ‘आर. सी. प्रो-ॲम’ मध्ये (१९८८ च्या सुमारास) क्षेपणास्त्रे व बाँब होते, परंतु गाड्या दूरनियंत्रित खेळण्यातल्या होत्या आणि तो मुख्यत्वे एकट्याने खेळायचा गेम होता. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारियो कार्ट’ (जपान, ऑगस्ट १९९२) हाच बहुतेक लेखक आरंभबिंदू मानतात. गाडीचा आकार किंवा शस्त्रे यांपैकी एकच लक्षण घेतले, तर आधीचे दावे टिकतात. असमान खेळाडूंना एकत्र खेळवण्याची योजना हे लक्षण धरल्यास मात्र १९९२ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

‘सुपर मारियो कार्ट’ ची जन्मकथा विषयाशी थेट निगडित आहे. निन्टेन्डोचा ‘एफ-झीरो’ (१९९०) हा भविष्यकालीन, अतिवेगवान शर्यतीचा गेम एकट्यानेच खेळता येत असे. त्याची दोघांसाठी आवृत्ती करण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पडदा आडवा दुभंगून दोन्ही भागांत लांबलचक सरळ रस्ते त्या वेगाने दाखवणे यंत्राला झेपेना. म्हणून मार्ग आखूड आणि वळणांचे झाले, वेग उतरला आणि अशा मार्गावर शोभेल असे वाहन म्हणून कार्ट आली. आरंभी चालकाच्या जागी कामगारी पोशाखातला एक अनामिक माणूस होता. मारियो या निन्टेन्डोच्या गाजलेल्या पात्राला नंतर सहज बसवून पाहिले आणि तो तेथेच राहिला. ही हकीकत दिग्दर्शक हिदेकी कोन्नो व निर्माते शिगेरू मियामोतो यांनी पुढे मुलाखतीत सांगितली आहे. म्हणजे ज्याला आज सुलभतेचे तत्त्व म्हणतात, त्याचा निदान एक भाग यंत्राच्या मर्यादेतून आला. या कथेतले तत्त्वज्ञान नंतर वाढत गेले असण्याची शक्यता ध्यानात ठेवलेली बरी.

सैद्धांतिक चौकट : फ्रेंच विचारवंत रॉझे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे जे वर्गीकरण केले, त्यात कसाचे खेळ आणि दैवाचे खेळ असे दोन वर्ग येतात. कार्ट गेम हे त्यांचे मिश्रण, असे वर्णन वारंवार आढळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सारीपाटातले दान पुढच्याला आणि मागच्याला सारखेच पडते. कार्ट गेममधले दान मागच्याच्या बाजूने झुकवलेले असते. त्यामुळे गेम-रचनाकार मार्क लब्लांक यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली, अभियांत्रिकीतील ऋण पुनःप्रदायाची (निगेटिव्ह फीडबॅक) उपमा येथे अधिक चपखल बसते. खोली तापली की तापनियंत्रक हीटर बंद करतो, तसे आघाडी वाढली की गेमचे नियमच ती कमी करू लागतात. घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादतात, त्यामागचा हेतूही हाच असतो. तेथे वजन शर्यतीपूर्वी ठरते व जाहीर होते. कार्ट गेममध्ये भार शर्यत चालू असताना, क्षणोक्षणी आणि बहुधा न सांगता बदलतो.

संगणक चालवत असलेल्या गाड्या खेळाडूपासून फार दूर जाऊ नयेत म्हणून त्यांचा वेग आपोआप कमीजास्त करण्याच्या पद्धतीस ‘रबर बँड’ म्हणतात. ती कार्ट गेमपुरती मर्यादित नाही. ‘सुपर मारियो कार्ट’ आणि ‘मारियो कार्ट ६४’ (१९९६) मध्ये ती ठळक जाणवते. चांगली घेतलेली वळणे वाया गेल्याची भावना तिच्यामुळे येते, अशी तक्रार जुनी आहे. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शर्यतीच्या गेममधील अशा साहाय्याच्या पद्धती तपासल्या. कौशल्यात मोठी तफावत असलेल्या खेळाडूंमधले अंतरही या पद्धतींनी पुष्कळ घटवता येते, असे त्यांना आढळले. बॉस्टन विद्यापीठातील अँड्र्यू रीड बेल यांनी २०२१ मध्ये हीच कल्पना ग्रामीण विकासाच्या मदतीस लावून पाहिली; खेळाचा अभ्यास म्हणून मात्र त्या लेखाचे मोल मर्यादित आहे.

आयटमची वाटणी : आघाडीवरच्याला केळ्याची साल किंवा सरळ जाऊन आदळणारे हिरवे कवच, मधल्यांना पुढच्याचा पाठलाग करणारे लाल कवच व क्षणभर वेग देणारा मशरूम, तळाच्यांना काही काळ अभेद्य करणारा तारा किंवा इतरांना लहान व संथ करणारी वीज अशी साधारण वाटणी ‘मारियो कार्ट’ मालिकेत सुरुवातीपासून दिसते. ‘मारियो कार्ट डीएस’ (२००५) मध्ये आलेले बुलेट बिल तर खेळाडूला काही काळ चालवण्याच्या कष्टातून मुक्त करून आपोआप पुढे नेते.

आयटमपैकी सर्वाधिक वाद पहिल्या क्रमांकाच्या गाडीला गाठणाऱ्या काटेरी निळ्या कवचाचा. ‘मारियो कार्ट ६४’ मध्ये ते प्रथम आले. सर्वांना शेवटपर्यंत शर्यतीत ठेवणे हा हेतू कोन्नो यांनी सांगितला आहे. त्या गेममध्ये ते जमिनीवरून धावे आणि वाटेत येणाऱ्यांनाही उडवी. ‘डबल डॅश’ (२००३) मध्ये त्याला पंख फुटले. ते इतरांच्या डोक्यावरून जाऊन पहिल्या क्रमांकावरच फुटू लागले. ‘मारियो कार्ट ७’ (२०११) मध्ये पंख गेले आणि ते पुन्हा जमिनीवर आले. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण कवचाचा लाभ कोणाला, हे त्यावर अवलंबून आहे. उडते कवच अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूने सोडले, तरी तो अकरावाच राहतो. फायदा दुसऱ्या-तिसऱ्याचा होतो. म्हणून त्याला ‘दुबळ्यांचे शस्त्र’ म्हणणे सैल आहे. ते मागच्याला पुढे आणण्यापेक्षा पुढच्याला निर्धास्त होऊ देत नाही. जमिनीवरचे कवच वाटेतल्यांनाही धडकत असल्याने सोडणाऱ्याच्या पदरात निदान थोडे काही पडते.

या यादृच्छिक वाटणाऱ्या साधनालाही कसबाची किनार आहे. ऐन आघाताच्या क्षणी मशरूम वापरून निळे कवच चुकवता येते; वेळ साधणे मात्र अवघड. ‘मारियो कार्ट ८’ (२०१४) मधील सुपर हॉर्न या भोंग्याच्या आयटमने ते फोडता येते. अंतिम रेषेपूर्वी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर सरकून ते दुसऱ्याच्या माथी मारण्याची युक्तीही जाणकार करतात.

आयटम ठरवताना क्रमांक पाहावा की पहिल्यापासूनचे अंतर, हा पुढचा प्रश्न. ‘मारियो कार्ट ८’ मध्ये अंतराला महत्त्व आले. आठ-दहा गाड्या एकमेकींना खेटून चालल्या असताना शेवटच्याला अतिप्रबळ साधन मिळू नये, हे त्यामागचे तर्कसंगत कारण. पण मोजमाप बदलले की ते वाकवणारेही निघतात. मुद्दाम मागे राहून प्रबळ साधने साठवायची आणि अखेरीस झेप घ्यायची, या डावपेचास इंग्रजीभाषक खेळाडू ‘बॅगिंग’ म्हणतात. नवख्यासाठी ठेवलेली सवलत अशी निष्णातांच्या हाती गेली. पुढे एका सुधारणेद्वारे, थांबून राहणाऱ्या, उलटे चालवणाऱ्या किंवा एकाच ठिकाणची आयटमची पेटी पुन्हापुन्हा घेणाऱ्या खेळाडूस चांगले साधन मिळण्याची शक्यता घटवण्यात आली.

ड्रिफ्ट : आयटम ही सर्वांना दिसणारी पातळी, ड्रिफ्ट ही न दिसणारी. नवखा खेळाडू ती आहे हे न कळताही शर्यत पूर्ण करतो, आणि समतोलाच्या दृष्टीने ही सर्वांत यशस्वी योजना मानावी लागेल. ‘मारियो कार्ट ६४’ मध्ये वळणावर घसरताना कंट्रोलरवरची दांडी डावी-उजवीकडे हलवली की मिनी-टर्बो हा क्षणिक वेग मिळे. ‘डीएस’ मध्ये काही खेळाडू सरळ रस्त्यावरही नागमोडी ड्रिफ्ट करत सतत मिनी-टर्बो मिळवू लागले. या ‘स्नेकिंग’ मुळे ऑनलाइन शर्यतीत ते जाणणारे व न जाणणारे असे दोन तटच पडले. ‘मारियो कार्ट वी’ (२००८) मध्ये दांडी हलवण्याऐवजी घसरण्याचा काळ मोजला जाऊ लागला. त्याचबरोबर स्वयंचलित ड्रिफ्टचा पर्याय आला, पण तो निवडणाऱ्यास मिनी-टर्बो मिळत नाही. सोय हवी तर वेगावर पाणी सोडायचे, हा त्यातील सौदा स्पष्ट आणि म्हणून प्रामाणिक आहे. ‘मारियो कार्ट ८ डीलक्स’ (२०१७) मध्ये निळ्या, नारिंगी व जांभळ्या ठिणग्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. त्याच गेममध्ये गाडीला रस्त्याबाहेर जाऊ न देणारे स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग देण्याची सोय आली. मर्यादित हालचाल असलेल्या अपंग खेळाडूंनाही या सोयी उपयोगी पडतात. स्मार्ट स्टिअरिंग चालू असता काही जवळच्या वाटा बंद होतात आणि सर्वांत वरची टर्बोपायरी मिळत नाही.

‘क्रॅश टीम रेसिंग’ (१९९९) या नॉटी डॉगच्या गेमने कसबाकडे झुकते माप दिले. त्यात एका घसरणीत, अचूक क्षणी विरुद्ध बाजूचे बटण दाबून, लागोपाठ तीन वेळा वेगवाढ मिळवता येते. क्षण हुकला की ती हातची जाते.

इतर मार्ग : दैव आणि कसब एकाच शर्यतीत मिसळलेच पाहिजेत असे नाही. रेअरच्या ‘डिडी काँग रेसिंग’ (१९९७) मध्ये फुग्याच्या रंगावरून साधन आधीच ठरते आणि त्याच रंगाचे फुगे ओळीने घेतल्यास ते अधिक प्रबळ होते. नशिबाऐवजी निवड आली. दक्षिण कोरियातील नेक्सॉनच्या ‘कार्टरायडर’ (२००४) ने दोन प्रकार वेगळेच केले. आयटम प्रकारात गोंधळ व गंमत, तर स्पीड प्रकारात शस्त्रे नाहीत, ड्रिफ्ट करून नायट्रो म्हणजे वेगवाढीचा साठा भरायचा. तेथील इंटरनेट कॅफेंत हा गेम सर्वदूर पोचला आणि २००५ पासून त्याच्या व्यावसायिक लीग भरू लागल्या. मूळ गेमची कोरियातील सेवा २०२३ मध्ये बंद झाली. अशा फाळणीमुळे दोन्ही गटांना न्याय मिळतो, परंतु ते एकमेकांबरोबर खेळेनासे होतात, हे तिचे मोल.

भ्रमणध्वनीवर नियंत्रण बोटभर जागेत बसवावे लागते. निन्टेन्डोची यंत्रे भारतात तुरळकच पोचल्याने मराठी खेळाडूंची या प्रकाराशी ओळख अनेकदा फोनवरच होते; व्हेक्टर युनिटचा ‘बीच बगी रेसिंग’ (२०१४) हे त्याचे परिचित उदाहरण. ‘मारियो कार्ट टूर’ (२०१९) मध्ये गाडी आपोआप धावते आणि खेळाडूने एका बोटाने वळवायचे असते. मात्र त्या मार्गाला अनुकूल चालक असल्यास एकाच वेळी तीन साधने मिळतात आणि असे चालक मिळवण्यासाठी आरंभी सोडतीसारखी, पैसे खर्चता येणारी पद्धत होती. ती २०२२ मध्ये काढण्यात आली. कसब आणि दैव यांच्या जोडीला पैसा हे तिसरे माप आले, की समतोलाची चर्चाच निराळ्या पायावर जाते.

‘मारियो कार्ट वर्ल्ड’ (जून २०२५) मध्ये गाड्यांची संख्या बारावरून चोवीसवर गेली, त्यामुळे मधल्या घोळक्यात आघातही वाढले. त्यातील नॉकआउट टूर या प्रकारात ठरावीक टप्प्यांवर शेवटचे चार-चार खेळाडू बाद होत जातात आणि अंतिम टप्प्यासाठी चारच उरतात. तळाला राहून साधने जमवणाऱ्यास तेथे पुढचा टप्पा दिसतच नाही.